रजिस्टर पुन्हा हातात घेताना



आजचा विषय आपल्या बैठकीत कधी निघत नाही. बचत निघते, अंतर्गत कर्ज निघतं, थकीत हप्ते निघतात, बँकेचं निघतं. पण गटातली एखादी बाई मनाच्या दुखण्यानं दोन-चार महिने घरी बसली आणि आता परत कामाला येते म्हणाली, तर तिनं कसं यावं आणि आपण तिला कसं घ्यावं, हे कुणी बोलत नाही. माझ्याकडे सात गावांतले गट आहेत. गेल्या काही वर्षांत असं घरी बसणं मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं आहे. त्यातल्या काहीजणी परत आल्याच नाहीत. आजार बरा झाला होता, पण परत यायची वाट कुणी करून दिली नाही.

आता बघा, कुणाचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं की नियम सगळ्या गल्लीला पाठ असतात. घागर उचलायची नाही, वाकून धुणं धुवायचं नाही, दीड-दोन महिने शेताकडे फिरकायचं नाही. मग आधी बसून भाजी निवडायची, मग स्वयंपाक, मग झाडलोट, मग जनावरांचं, आणि सगळ्यात शेवटी खुरपं. सासू कितीही कडक असू द्या, टाके ओले आहेत एवढं तिलाही कळतं. मनाच्या दुखण्याला टाके दिसत नाहीत. म्हणून मग दोनपैकी एक होतं. एक तर, "झालीस ना बरी, लाग कामाला," म्हणून पहिल्याच दिवशी सगळं ओझं डोक्यावर. नाहीतर, "नको माय, तुला झेपायचं नाही, तू आता घरीच बस." दोन्ही बोलणारी माणसं तिच्या मायेचीच असतात. पण पहिल्यानं ती परत आजारी पडू शकते आणि दुसऱ्यानं तिची भीती वाढतच जाते.

आमचा भाग औसा-निलंग्याकडचा. आमच्याकडे या दुखण्याला शब्द नाहीत असं नाही. धसका घेतला म्हणतात, घोर लागला म्हणतात, जीव खालीवर होतो म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा लहान होते. पण आई-मावशा सांगायच्या, पुढं कित्येक महिने ताट पडलं तरी बायका दचकून बाहेर पळायच्या, छपराखाली झोप लागायची नाही, छाती धडधडायची. त्यांना कुणी 'डोक्यावर परिणाम झाला' म्हटलं नाही. का? कारण जमीन हललेली सगळ्यांनी पाहिली होती. आता बाईच्या पायाखालची जमीन कर्जानं हलते, घरातल्या दारूनं हलते, पोरीच्या लग्नाच्या काळजीनं हलते, आणि ती फक्त तिलाच कळते. मग शेजारीण म्हणते, "काय झालंय हिला? धडधाकट तर दिसतीय."

तर एका गटाची गोष्ट सांगते. ज्या बाईची आहे तिला विचारलं, तिनं सांग म्हटलं, फक्त नाव घेऊ नको म्हणाली. आपण तिला सचिवताई म्हणू. बारा जणींचा गट. स्वतःची छोटी डाळमिल चालवतात. आमच्याकडे तूर घरोघरी असते. हंगामात लोक आपापली तूर घेऊन येतात, किलोमागे पैसे देऊन डाळ करून नेतात. गटानं बँकेचं तीन लाखांचं कर्ज घेतलेलं, प्रत्येकीच्या वाट्याला पंचवीस हजार. सचिवताई बारावी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. मग काय, बैठकीचं रजिस्टर तिच्याकडे, बचतीचं तिच्याकडे, कर्जाचं तिच्याकडे, डाळमिलच्या पावत्या तिच्याकडे, बँकेत जाणं तिच्याकडे आणि हप्ता थकला की बँकेचा फोनही तिच्याकडेच. बाकीच्या अकराजणी म्हणायच्या, "आमची ताई आहे ना, आम्हाला घोर नाही." खरंच होतं. बाराजणींचा घोर एकीकडे जमा झाला होता.

मृगात दोघींचे हप्ते थांबले. एकीचा नवरा दवाखान्यात, दुसरीची पेरणी उलटलेली. दोघींचे मिळून महिन्याला २,३०० रुपये. गटाचं नाव बँकेत खराब होईल म्हणून सचिवताईनं ते स्वतःच्या पदरचे भरले. पुढच्या महिन्यातही भरले. असे पाच महिने, म्हणजे ११,५०० रुपये. बैठकीत बोलली नाही, घरी तर नाहीच नाही. घरात ओढ पडायला लागली तेव्हा दारावर येणाऱ्या एका खासगी फायनान्सवाल्याकडून तीस हजार उचलले. त्याचा आठवड्याला हप्ता. दसऱ्यानंतर त्या दोघी ऊसतोडीला निघून गेल्या आणि ही इथं आकड्यांच्या बेरजा करत राहिली.

दिवाळीनंतर तिची झोप उडाली. रात्री दोनला उठून रजिस्टर काढायची आणि तीच बेरीज परत परत करायची. फोन वाजला की तळहाताला घाम. जेवण जाईना. एक दिवस बँकेच्या रांगेत उभी असताना छाती जोरात धडधडायला लागली, श्वास पुरेना, हाताला मुंग्या आल्या. तिला वाटलं, गेलो आता. लोकांनी बसवलं, कुणी कांदा हुंगायला दिला, कुणी तोंडात पाणी घातलं. ग्रामीण रुग्णालयात नेलं, छातीची पट्टी काढली, ती चांगली आली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण आठ दिवसांत परत तसंच, या वेळी घरी, भाकरी करताना. मग 'बाहेरचं' बघून झालं, दोरा झाला, अंगारा झाला. त्यात एक महिना गेला आणि पैसेही. शेवटी आशाताईनं नवऱ्याला समजावलं आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात नेलं.

इथं थोडं आजाराबद्दल सांगते, कारण गैरसमज फार आहेत. असा झटका येतो तेव्हा माणसाला मरणाची भीती वाटते. पण तो चढतो तसा उतरतोही, बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत, कधी थोडा जास्त वेळ लागतो. त्यानं जीव जात नाही. मात्र छातीत पहिल्यांदाच असं झालं तर घरच्या घरी ठरवू नका, डॉक्टरांकडूनच हृदय तपासून घ्या. डॉक्टर रक्तही तपासतात, कारण थायरॉइड वाढलं किंवा रक्त फार कमी असलं तरी धडधड होते. आपल्या बायकांत रक्त कमी असणं काय नवीन आहे? मनाच्या आजारावर जी गोळी देतात तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना जास्त. पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते, डोकं दुखू शकतं. नेमकं त्याच आठवड्यात बायका गोळी सोडतात आणि म्हणतात, सोसली नाही. आणि बरं वाटलं की परत सोडतात. तसं करायचं नसतं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने, कधी जास्त, ती चालू ठेवावी लागते आणि डॉक्टरच ती हळूहळू कमी करतात. नुसत्या झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागते. त्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घ्यायच्या नाहीत, शेजारणीच्या तर मुळीच नाहीत.

आणखी एक. दिवसाला आठ-दहा कप चहा आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. दोन्हीनं धडधड वाढते. सचिवताईला डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितला, ते तिनं ऐकलं. मिश्री सोडायला तिला गोळ्यांपेक्षा जास्त जड गेलं, असं ती हसत सांगते.

साडेतीन महिने ती घरी होती. या काळात गटाचं काय झालं, तेही ऐका. गटाच्या खात्यावर अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष अशा तिघींच्या सह्या होत्या, त्यातल्या कोणत्याही दोघींची चालायची. म्हणून व्यवहार अडला नाही. तुमच्या खात्यावर दोघींच्याच सह्या असतील आणि दोघींच्याही लागत असतील, तर एक आजारी पडली की सगळा गट अडतो. बँकेत जाऊन तिसरं नाव घालून घ्या. ठराव लागतो, कागदपत्रं लागतात, दोन-तीन चकरा होतात, पण करून ठेवा. पैसे निघत होते, पण रजिस्टर मात्र कुणाला वाचता येईना. वाचता म्हणजे अक्षर नव्हे, त्यातला हिशोब. कुणाचं किती बाकी हे सचिवताईच्या डोक्यात. तेव्हा थकलेले ११,५०० रुपये कुणी भरले हे उघडकीला आलं. कोषाध्यक्ष असलेली अक्का बैठकीत म्हणाली, "बाई, ही तर आपल्यासाठी मरत होती आणि आपण तिला म्हणत होतो ताई लई हुशार."

फेब्रुवारीत डाळमिलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी सचिवताईचा निरोप आला की मी बैठकीला येते. त्याच्या आधीच्या बैठकीला मी होते. तिथं सरळ दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, पद तिचंच, तिला द्या. एक जण म्हणाली, "माझं वाईट दिसलं तरी चालेल. पैसा बाराजणींचा आहे. गोळ्या खाणाऱ्या बाईच्या हातात रोकड द्यायची आणि उद्या चुकलं तर?" तिच्यावर सगळ्या तुटून पडल्या. मला तिचं बोलणं आवडलं नाही, पण प्रश्न खोटा नव्हता. पैशाचा प्रश्न गटात विचारलाच पाहिजे. फक्त त्याचं उत्तर गोळ्यांत नाही, रोकड एकटीच्या हातात असण्यात आहे. गोळ्या न खाणाऱ्या बाईच्या हातातही रोकड एकटीनं असू नये. रोकड मोजताना दोघी, बँकेत जाताना दोघी, रजिस्टरवर बैठकीतच सही, हा नियम आपल्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात. तो पाळला असता तर पाच महिने कुणी गुपचूप हप्ते भरूच शकलं नसतं.

मग असं ठरलं की पद तिचंच राहील, काम मात्र वाटून, थोडं थोडं तिच्याकडे जाईल. किती आणि कधी, ते आपण ठरवायचं नाही, तिला विचारायचं. डॉक्टरांनी आणि तिथल्या समुपदेशक मॅडमनी तिला हेच सांगितलं होतं. ज्याची भीती वाटते ते पूर्ण टाळलं तर भीती वाढते, आणि एकदम अंगावर घेतलं तर माणूस परत मोडतो. पायरीपायरीनं जायचं, सगळ्यात सोप्यापासून सुरू करायचं.

सचिवताईला सगळ्यात सोपं होतं हाताचं काम. पहिले दोन आठवडे ती डाळमिलवर फक्त दोन तास यायची. तूर निवडायची, खडे-काड्या काढायची, तेलपाणी लावलेली तूर उन्हात पसरायची. आकडा नाही, फोन नाही, गिऱ्हाइकाशी बोलणं नाही. ती सांगते, सुपात तूर पाखडताना पहिल्यांदा डोकं गप्प बसलं. तिसऱ्या आठवड्यापासून आलेल्या तुरीचं वजन आणि पावती. बैठकीला येऊन नुसतं बसायचं, लिहायचं नाही. महिन्यानं बचतीचं रजिस्टर, तेही अक्काच्या शेजारी बसून, कर्जाचं रजिस्टर अक्काकडेच ठेवून. आणि बँक सगळ्यात शेवटी.

बँकेच्या पायऱ्या तर तिनं खरोखरच पायऱ्या मोजून चढल्या म्हणा ना. पहिल्या वेळी अध्यक्षताईबरोबर गेली, बाहेरच्या बाकावर बसली आणि परत आली. काम काहीच नाही. घरातल्यांना ते हास्यास्पद वाटलं, गाडीभाडं वाया गेलं म्हणाले. ते वाया गेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आत जाऊन पासबुक भरून आणलं. तिसऱ्या वेळी रांगेत उभी राहिली आणि धडधड सुरू झालीच. अध्यक्षताईला आधीच सांगून ठेवलं होतं की असं झालं तर गर्दी करायची नाही, कांदा नाही, पाणी तोंडात ओतायचं नाही, आणि मला घरी न्यायचं नाही. रांगेतून बाजूला बाकावर बसली. श्वास आत घ्यायचा आणि बाहेर सोडताना सावकाश, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा. तसं करत राहिली. पंधरा मिनिटं झाली असतील. उतरलं. मग परत रांगेत उभी राहून भरणा केला आणि मगच बाहेर आली. त्या वेळी घाबरून ती निघून आली असती तर पुढच्या वेळी बँकेचं दार तिला आणखी जड गेलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आजचा विषय घेतला, तिच्याकडे येते. सचिवताई बरी झाली. पण काम? ज्या कामानं ती आजारी पडली ते काम तसंच असेल तर आपण तिला परत त्याच खड्ड्यात पाठवतो. बाईला दवाखाना दाखवतो आणि कामाला दाखवत नाही. म्हणून त्या गटानं दोन बैठका फक्त यावर घेतल्या. ११,५०० रुपये गटाच्या बचतीतून सचिवताईला परत दिले आणि ज्या दोघींचे ते हप्ते होते त्यांच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून लिहिले. त्या दोघींना कारखान्यावर फोन लावला. एक तर फोनवरच रडली. म्हणाली, "आम्हाला वाटलं गटानं सांभाळून घेतलं. ताईनं घरातनं भरले हे कुणी सांगितलंच नाही." दोघींनी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी येऊन भरायचं कबूल केलं. एकीचे पूर्ण आले, दुसरीचे अजून येत आहेत. आणि रजिस्टरवर ठराव लिहिला: सभासदाचा हप्ता थकला तर पदाधिकारी तो स्वतः भरणार नाही, ते पुढच्या बैठकीत सगळ्यांपुढं येईल. बँकेला दुसरा फोन नंबर अक्काचा दिला. दर महिन्याला वेगळी सभासद सचिवताईजवळ बसून लिहायला शिकते. ज्यांना लिहिता येत नाही त्या रोकड मोजतात आणि मोजलेली रक्कम मोठ्यानं सांगतात. खासगी फायनान्सचं कर्ज तिनं आणि नवऱ्यानं मिळून फेडायला घेतलं. ते घरात उघड झालं, हाच तिला मोठा औषधोपचार झाला असं मला वाटतं.

घराबद्दल थोडंच बोलते. नवरा शेवटपर्यंत म्हणत होता, गट सोडून दे. त्याची भीती खरी होती, त्यानं तिला रात्री-रात्री बसलेली पाहिलं होतं. पण गट सुटला असता तर तिची स्वतःची मिळकत, चार बायकांत बसणं, तिचं नाव, सगळंच सुटलं असतं. त्याला एकदा डॉक्टरांकडे बरोबर नेलं आणि डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवलं, तेव्हा तो गप्प बसला. सासूबाईंनी मात्र न सांगता एक काम केलं. सकाळचं पाणी भरायचं त्यांनी नातवाला लावून दिलं. गोळीनं सकाळी सुनेला जडपणा असायचा, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आणि आपण सभासद बायका काय बोलतो याचं भान ठेवा. ती पहिल्या दिवशी आल्यावर सगळ्यांसमोर "बरी झालीस का गं? गोळ्या अजून चालू आहेत का?" असं विचारू नका. शुगरच्या गोळ्यांचं आपण चव्हाट्यावर विचारतो ते वेगळं, त्यात कुणाला लाज वाटत नाही. "आम्ही किती सांभाळलं तुझ्यामागं" हेही नको. "ये, बस, तूर निवडायला बरीच आहे," एवढं पुरतं. आणि तिच्याकडून काही चुकलं तर ती आजारी होती म्हणून चुकलं असं धरू नका. आपलीही बेरीज चुकतेच.

आपल्यातल्या सगळ्याच काही गटाचं काम करत नाहीत. कुणी अंगणवाडीत मदतनीस आहे, कुणी आशा, कुणी शाळेत खिचडी शिजवते, कुणी घरी शिवणयंत्र चालवते, कुणी रोजानं निंदायला जाते. रोजंदारीवालीला तर आजाराची रजा म्हणजे मजुरी बुडणंच. आशाताईंनाही मोबदल्याचा काही भाग केलेल्या कामावरच मिळतो. त्यामुळं पुरतं बरं होण्याआधीच परत यायची घाई होते, ती मला समजते. तरी पायरीची गोष्ट इथंही जमते. पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस, गर्दीच्या कामाऐवजी आधी एकीबरोबरचं काम, शिवणवालीनं आधी फॉल-पिको, मग ब्लाऊज, आणि लग्नसराईच्या तारखेच्या ऑर्डरी सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर वरच्या मॅडमला किंवा मुकादमाला स्वतः जाऊन सांगा की मला अमुक इतके दिवस एवढंच जमेल. आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. "डॉक्टरांनी हळूहळू काम वाढवायला सांगितलं आहे" हे पुरेसं आहे आणि खरंही आहे.

कायद्याचंही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. सरकारी खर्चानं चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा त्यात प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हाही हक्क आहे. म्हणजे दवाखान्यातल्या कुणी तुमचं गावात बोलायचं नाही. आणि आपण गटातल्यांनीही नाही, हे मी कायद्याबाहेरचं सांगते.

आता एक जड गोष्ट. एखादी मैत्रीण म्हणाली की जगावंसं वाटत नाही, किंवा माझ्यामागं पोरांचं बघा असं बोलली, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. विचारल्यानं तिच्या डोक्यात नवीन काही येत नाही. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका किंवा शेजाऱ्याच्या घरी ठेवा. आपल्या भागात हे औषध माळ्यावर, चुलीजवळ, कुठंही पडलेलं असतं, आणि वाईट वेळ टळेपर्यंत ते हाताला लागलं नाही तर जीव वाचतो.

फोन नंबर सांगते, कागद-पेन घ्या. टेली-मानस, १४४१६. परत सांगते, एक चार चार एक सहा. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, दिवसा-रात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. २०२२ पासून चालू आहे. आजारी बाईनंच फोन करायला पाहिजे असं नाही, तिच्यासाठी घरातलं कुणी किंवा तुम्हीही करू शकता. जीव धोक्यात असेल तर १०८ ला गाडी बोलवा.

सचिवताईची एक गोळी अजून चालू आहे. दर महिन्याला जिल्ह्याला जाऊन आणते, आता एकटी जाते. कर्जाचं रजिस्टर तिनं परत मागितलेलं नाही आणि गटानंही घाई केलेली नाही. ते अक्काकडेच आहे. अक्काचं अक्षर वाकडं आहे, पण आता त्यातला हिशोब पाचजणींना वाचता येतो. यंदाच्या हंगामात डाळमिलवर पावत्या सचिवताई लिहिणार आहे. तुम्हाला तुमच्या गटातलं असं काही सांगायचं असेल तर नाव न देता आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.